पडद्याबाहेरची माणसं

छत्तीसही फोटोंत हंस होते.

रिटचिंगच्या टेबलावर सहा-सहाच्या सहा रांगा लावून धाकटीने शेवटचा फोटो ठेवला, हात पुसले, एक पाऊल मागे सरकली, आणि मग तिला ते दिसलं. संगमरवरी जिना, जिन्याच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या, मागे तळं आणि तळ्यात दोन हंस. दरवर्षी तोच जिना, तेच हंस. पुढे घरातली माणसं ओळीने उभी, वर्षागणिक कुणी उंच तर कुणी रुंद होत गेलेली. सगळ्यात लहान मुलाच्या हातात खडूने साल लिहिलेली पाटी.

गायरान कुठेच नव्हतं. गवताचं एक पातंसुद्धा नाही.

"ताई," ती नणंदेला म्हणाली, "अर्जात नेमकं काय लिहिलंयत तुम्ही?"

नणंद म्हणजे सगळ्या घराची आत्या. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. तिने पिशवीतून अर्जाची प्रत काढली आणि हजेरी घ्यावी तशी वाचायला लागली. "'सदर गायरानावर आमचे कुटुंब दरवर्षी थंडीतल्या पहिल्या रविवारी जमत असे व फोटो काढत असे. असे सलग छत्तीस वर्षांचे फोटो आम्ही सुनावणीच्या दिवशी सादर करू.' म्हणजे आज, तीन वाजता. का गं?"

"फोटो बघा."

आत्याने चष्मा लावला. पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीपर्यंत पोचेस्तोवर तिचा हात आपोआप शिट्टीकडे गेला होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "अप्पांचा पडदा!"

हा स्टुडिओ सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, उभा केला होता. स्टुडिओत एका वेळी चारच माणसं मावत आणि घरात होती अकरा. शिवाय उजेडाच्या बाबतीत अप्पा फार चिकित्सक. म्हणून थंडीतल्या पहिल्या रविवारी सगळी वरात गायरानावर निघायची. मात्र झाडं हलतात, गवताला शिस्त नसते, असं अप्पांचं ठाम मत होतं. त्यामुळे वरातीच्या पुढे सायकलवर गुंडाळलेला तीन मीटरचा रंगवलेला पडदा आणि दोन बांबू. "उजेड बाहेरचा, बाग आपली," ते म्हणायचे. खऱ्या गायरानावर खोटी बाग टांगून त्यांनी छत्तीस वर्षं फोटो काढले. आणि या छत्तीस वर्षांत घरातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, एक माणूस सोडून.

"पण मला फोटोत ते वाकडं झाड स्वच्छ आठवतंय!" धाकटीचा नवरा म्हणाला. अठ्ठेचाळिशी उलटली, स्टुडिओचा मालक झाला, पासपोर्टच्या फोटोंसाठी गावाला हसू नका म्हणून दम भरायला लागला, तरी घरात त्याला सगळे बाळच म्हणत.

"ते तुम्हाला गायरानावरचं आठवतंय," धाकटी म्हणाली. "झाड होतंच. पडद्याबाहेर."

"म्हणजे आज कचेरीत आपण दाखवणार काय? राजवाडा?"

बंद पडलेल्या गिरणीची जागा एका कंपनीने घेतली होती, आणि गिरणीला लागून असलेलं गायरानही आपलंच, तिथे कुणी फिरकत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तीन बाजूंना खांब रोवून झाले होते. आज निकाल कंपनीच्या बाजूने गेला की उद्या सकाळी चौथी बाजू बंद होणार होती. नियम सोपा होता. लोकांनी सलग तीस वर्षं, कुणाचीही परवानगी न मागता एखादी मोकळी जागा वापरली असेल, तर ती सगळ्यांचीच राहते. वापरली, हे सांगायला अर्धं गाव तयार होतं. पण मागच्या सुनावणीला कंपनीच्या वकिलांनी एकेकाची साक्ष ऐकून घेतली आणि शेवटी हात जोडून म्हणाले होते, "आठवणी फार गोड आहेत. पुरावा आहे का?"

तेवढ्यात दार ढकलून मोजपट्टी आत आली. ती दादांची, म्हणजे बाळच्या थोरल्या भावाची, मुलगी. माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि लहानपणापासून दिसेल ते मोजायची, म्हणून हे नाव. तिने टेबलावरचे फोटो पाहिले आणि खुर्चीत बसून हसायलाच लागली.

"आत्या, आपण गायरानाचा पुरावा म्हणून बहात्तर हंस देणार?"

"दात काढू नकोस. तुझ्या त्या गायरानावरच्या चौसष्ट वनस्पतींची यादी कुठाय?"

"आणलीय. पण यादीवरून वनस्पती कळतात, माणसं नाही कळत."

"मग काहीतरी सुचव! शिकलीस कशाला एवढी?"

दार पुन्हा उघडलं. या वेळी दादा होते. समोरच काचेचं आणि फ्रेमचं दुकान त्यांचं. हातात डबा.

"ही विसरली," ते लेकीकडे बोट दाखवून म्हणाले. "जग वाचवायला निघाली, डबा राहिला घरी." मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. ते वाकले, सरळ झाले आणि त्यांच्या मिशीखाली हसू पसरलं. "वा! हंस आहेत का अजून?"

"दादा, तू हसू नकोस," आत्या म्हणाली.

"हसू नको तर काय करू? खऱ्या झाडापुढे खोटं झाड कशाला टांगता, हे चौतीस वर्षांपूर्वी मी याच खोलीत बोललो. तेव्हा मला दार दाखवलंत. आज तेच तुम्ही बोलताय, तर तुम्हाला चहा!"

"तू नुसता बोलला नव्हतास. पडदा टराटरा फाडला होतास."

"एका हंसाची मान फाटली फक्त. शिवली की आईने."

शिवण फोटोंतही दिसत होती. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर डावीकडच्या हंसाने जणू गळपट्टा बांधला होता.

"दादा," बाळ चाचरत म्हणाला, "कंपनीच्या साक्षीदारांच्या यादीत तुझं नाव आहे म्हणे?"

"आहे. त्यात लपवायचं काय? विचारतील, इतकी वर्षं गावात आहात, गायरानावर जाता का? मी म्हणेन, नाही जात. खोटं आहे का?" मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "चार मजल्यांच्या खिडक्या आहेत कंपनी बांधणार त्या इमारतीला. दुकानात पाच माणसं आहेत माझ्याकडे. दोन वर्षं त्यांना काम पुरेल."

"बाबा, पण तिथे—"

"चौसष्ट वनस्पती. माहीत आहे. जेवताना रोज ऐकतो."

"अप्पा असते तर," आत्याने सुरुवात केली.

"अप्पा असते तर त्यांनी इमारतीपुढेही पडदा लावला असता."

बाळ फिस्सकन हसला आणि बहिणीकडे बघून खोकल्यासारखं केलं. आत्या मात्र उभी राहिली. मुलींना शेवटच्या फेरीला पळवताना तिचा चेहरा असाच होत असे.

"तुला कसलं आलंय गायरानाचं! सहा वर्षं फोटोला फिरकला नाहीस. सहा! आई दरवर्षी उजव्या हाताला तुझी जागा मोकळी ठेवायची. बघ, बघ ना, हा बघ, आणि हा." तिने बोट आपटलं. सहाही फोटोंत सासूबाईंच्या शेजारी एका माणसाएवढी फट होती. "चौथी-पाचवी सून आली तरी भरली नसती ती," आत्या पुटपुटली आणि मग आवाज चढवून म्हणाली, "माणसं रागावतात, पण दुरून तरी बघून जातात. तुला तेवढंही झालं नाही."

दादांचं हसू मिशीखालीच विझलं. डबा त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, फोटोंना धक्का लागणार नाही असा जपून ठेवला, आणि रस्ता ओलांडून गेले.

"चौथी-पाचवी सून कोण गं, ताई?" बाळने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "आपल्याकडे दोनच आहेत."

"तू गप्प बस. मी मनात म्हटलेलं तुला कसं ऐकू आलं?"

"मनात कुठे? तोंडाने पुटपुटलीस की."

धाकटीचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. ती फोटोच्या कडेवरून बोट फिरवत होती. कड सरळ, स्वच्छ. तिनेच कापलेली. लग्न होऊन आली त्या वर्षी अप्पांनी तिला डार्करूममध्ये नेलं आणि दोन नियम सांगितले. एक, निगेटिव्ह कधी फेकायची नाही. दोन, पडदा संपला की फोटो संपला. पुढचं सगळं कटरखाली. "कडेला काय चाललंय त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही." वीस वर्षं तिने तेच केलं होतं. फोटोंचंच नव्हे, खरं तर या घरातल्या भांडणांचंही. कोण कुणाला काय बोललं त्यातल्या टोकदार कडा छाटून ती मधलं तेवढं पुढे पोचवायची.

"पडदा तीन मीटरचा," ती म्हणाली. "पण कॅमेऱ्यात चार मीटरच्या वर येतं."

"म्हणजे?" आत्या.

"म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना जे होतं ते निगेटिव्हवर आहे. मला पक्कं माहीत आहे. मीच कापत आलेय ते."

आत्याने खरोखरच शिट्टी वाजवली.

माळ्यावरून बिस्किटांचे चार डबे उतरले. बटर पेपरच्या पाकिटांत तळहाताएवढ्या निगेटिव्ह, प्रत्येकीवर अप्पांच्या बारीक अक्षरात साल. धाकटीने लाइट बॉक्स लावला आणि पहिली निगेटिव्ह काचेवर ठेवली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं, माणसांचे दात काळे आणि केस पांढरे. पण तिला त्यातून माणसं थेट ओळखता येत. मधोमध जिना, हंस, कुटुंब. डावीकडच्या पट्टीत दोन बायका गवतावर चादर वाळत घालताहेत. उजवीकडे सायकल धरून एक दूधवाला थांबलाय आणि या राजवाड्याकडे आ वासून बघतोय.

"गायरान!" आत्या ओरडली. "ते बघ, गवत! गुडघ्याएवढं!"

"पुढची," मोजपट्टीने कागद ओढला, उभ्या रेघा मारल्या. "काकू, तुम्ही सांगत जा, मी लिहिते."

बाळ स्कॅनरवर बसला. पासपोर्टवाले दोन जण येऊन परत गेले. धाकटी बोलत होती, मोजपट्टी लिहीत होती, आणि कडांमधून गाव चालत येत होतं. पतंगाची दोरी ओढणाऱ्या मुली. उताणा झोपलेला पोस्टमन, तोंडावर पिशवी. बकऱ्या. व्यायाम करणारे दोन म्हातारे, त्यातला एक सहा वर्षांनी नाही, दुसरा एकटाच. एका सालात शर्यत चाललेली आणि कडेला पाठमोरी, तोंडात शिट्टी, तरुण आत्या.

"ही मी? फोटोतून पळून शर्यत घ्यायला गेले होते?"

"म्हणून त्या साली तू फोटोत नाहीस!" बाळ म्हणाला. "अप्पा चार दिवस बोलले नव्हते तुझ्याशी."

दूधवाला तर दरवर्षी. सायकल तीच, केस मात्र विरळ होत गेलेले.

बाराच्या सुमाराला मोजपट्टी अडखळली. तिने एक निगेटिव्ह काढून पुन्हा काचेवर ठेवली, शेजारी दुसरी ठेवली आणि बॅगेतून खरोखरची मोजपट्टी काढली.

"काकू, इथे पडदा आखडलाय."

"पडदा कसा आखडेल?"

"हा चौऱ्याऐंशी मिलिमीटर. हाही चौऱ्याऐंशी. हा त्र्याऐंशी. आणि हा अठ्ठावन्न! पुढचाही अठ्ठावन्न. असे सलग सहा आहेत. मग पुन्हा चौऱ्याऐंशी." तिने कोपऱ्यात एक गुणाकार केला. "अप्पा आजोबा कॅमेरा किती लांब ठेवायचे?"

"सात पावलं," बाळने न वळता सांगितलं. "कधी साडेसातही नाही. सात."

"मग ही सहा वर्षं दहा पावलं आहेत."

"शक्यच नाही. लांब गेलं की चेहरे बारीक होतात, कड वाया जाते. अप्पा फिल्मचा नखभर तुकडा वाया घालवणारे नव्हते."

धाकटीने पाकिटावरचं साल वाचलं, मग पुढचं. तिच्या लग्नाआधीची सालं. हे फोटो अप्पांनी स्वतःच छापले आणि कापले होते. पंक्तीत सासूबाईंच्या उजव्या हाताला एका माणसाची फट. तिने भिंग उचललं आणि उजव्या कडेला नेलं, अगदी टोकाला, जिथवर सात पावलांवरून कॅमेरा पोचला नसता.

तिथे वाकडं झाड होतं. झाडाला टेकून एक तरुण एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायाचा तळवा मागे खोडाला लावलेला, हात मानेमागे. बगळ्यासारखा.

तिने भिंग मोजपट्टीकडे दिलं. मोजपट्टी बराच वेळ वाकून राहिली.

"बाबा दुकानात असेच उभे राहतात," ती म्हणाली. "आत्ताही. गिऱ्हाईक नसलं की."

सहाही वर्षं तो तिथे होता. चौथ्या वर्षी त्याच्या शेजारी एक मुलगी होती, मोजपट्टीची आई. सहाव्या वर्षी त्या मुलीने पोटावर हात ठेवलेला होता.

"आणि ही आतली मी," मोजपट्टी हळूच म्हणाली. मग डोळे पुसत हसली. "चारशे अकरा माणसं झाली होती. मला धरू का?"

आत्या खाली बसली. शिट्टी मुठीत धरून. "मी काय बोलून बसले त्याला," ती म्हणाली. "आत्ता. तासाभरापूर्वी."

दादा दुकानात काच कापत होते. धाकटी समोर उभी राहिली तरी त्यांनी मान वर केली नाही. हिरकणीची लेखणी पट्टीला लावून एक सरळ ओरखडा, मग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाब, आणि काच टकदिशी दोन तुकडे. त्यांची काच कधी वाकडी तुटल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

"समजूत घालायला आली असशील तर चहा घे आणि जा," ते म्हणाले.

"नाही. एक दाखवायचंय." तिने निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंग दिलं.

त्यांनी पाहिलं. त्यांना निगेटिव्ह वाचायला शिकवायची गरज नव्हती. तेही त्याच डार्करूममध्ये वाढले होते.

"सापडलो," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला घेऊन गेलो तेव्हा तिलाही शपथ घातली होती. एकदा लांबून बघायचं आणि निघायचं. फोटो संपायच्या आत."

"ताईंना तेव्हा सांगितलं असतंत तर?"

"काय सांगणार? की बापाने हाकललं आणि पोरगा झाडामागून बघतो?" ते हसले, पण नीट जमलं नाही. "एक बरं होतं, अप्पांना कळलं नाही. त्यांचं डोकं काळ्या कापडाखाली असायचं."

"दादा," धाकटी म्हणाली, "काळ्या कापडाखालीच तर सगळं दिसतं."

त्यांनी वर पाहिलं.

"एरवी ते सात पावलांवर उभे राहायचे. ही सहा वर्षं दहावर. तुमच्या लेकीने मोजलंय. पडदा चौऱ्याऐंशीचा अठ्ठावन्न झालाय. सात पावलांवरून झाड येत नाही कॅमेऱ्यात. तीन पावलं मागे गेलं की येतं. आणि तुम्ही परत आलात त्या वर्षापासून पुन्हा सात."

दादांनी भिंग खाली ठेवलं. दुसरी काच पुढे ओढली, पट्टी लावली, ओरखडा काढला आणि दाब दिला. काच कोपऱ्यातून तिरकी गेली, मोठा तुकडा टेबलावर नाचला आणि थांबला. ते त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"कापून टाकायचे मला," ते म्हणाले. "छापताना."

"छापताना. निगेटिव्ह कधी फेकायची नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. कडा कापण्याचा दुसरा."

तीन वाजता कचेरीतल्या बाकांवर बसायला जागा नव्हती. सुनावणीच्या अधिकारी बाई मध्यमवयीन, सर्दी झालेल्या, रुमाल हातात. कंपनीच्या वकिलांनी आल्या आल्या अर्जातला मुद्दा वाचून दाखवला आणि गोड हसले. "छत्तीस वर्षांचे फोटो. बघू तरी."

आत्याने आधी एक कापलेला फोटो दिला. वकिलांच्या भुवया वर गेल्या.

"हे गायरान? इथे तर हंस आहेत."

कचेरी हसली. बाईही रुमालाआड हसल्या. आत्याने लोकांचं हसणं संपू दिलं, मग त्याच सालाचा अख्खा फोटो त्यावर ठेवला. "हंस वडिलांनी रंगवून घेतले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंचं रंगवलेलं नाही."

मोजपट्टी उठली. "छत्तीस फोटो, प्रत्येकावर सालाची पाटी. आमच्या घरातली सोडून चारशे अकरा माणसं, अडतीस सायकली, सत्त्याण्णव बकऱ्या. एका बकरीबद्दल शंका आहे, ती कुत्रा असू शकते. म्हणून शहाण्णव धरा."

बाईंनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. आधी एक फोटो, मग दुसरा, मग त्या बघतच राहिल्या. "हा दूधवाला प्रत्येक फोटोत कसा?"

"माझा रस्ताच तो, बाई!" मागच्या बाकावरून एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला. "आणि दरवर्षी वाटायचं, आज विचारू, हा जिना कुठे जातो म्हणून. पण थांबलो तर दूध नासायचं."

या वेळी हसू आवरायला शिपायाला टेबल वाजवावं लागलं. वकील मात्र शांत होते. "माणसं दिसताहेत, मान्य. पण ती गिरणीच्या परवानगीने आली असतील. परवानगीने येणं वेगळं, हक्काने येणं वेगळं." त्यांनी यादी पाहिली. "आमचे साक्षीदार याच घरातले आहेत."

दादा पुढे आले. कामाचा एप्रन तसाच होता, त्यावर काचेची भुकटी चमकत होती. धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दुकानातून ती निघाली तेव्हा ते काय करणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

"आपण जन्मापासून इथे राहता. गायरानावर जाता का?"

"नाही जात."

आत्याने डोळे मिटले.

"धन्यवाद. म्हणजे—"

"हल्ली नाही जात. आधी जायचो, ते सांगू का? का तेवढ्याचेच पैसे घेता तुम्ही?"

"सांगा," बाई म्हणाल्या.

"वडिलांनी मला सहा वर्षं घराबाहेर ठेवलं होतं. चूक माझी होती, हंसाची मान मी फाडली. पण ते जाऊ दे." दादांनी एप्रनला हात पुसले. "त्या सहा वर्षांत घराचा उंबरा मला बंद. स्टुडिओ बंद. बहिणीच्या लग्नाला मांडवाबाहेरून बघितलं. हक्काने उभं राहता येईल अशी एकच जागा होती, त्या वाकड्या झाडाखाली. तिथे वडीलही मला जा म्हणू शकत नव्हते. परवानगी म्हणता ना? मला जगात कुठेच परवानगी नव्हती, साहेब. गायरानावर ती लागत नव्हती, म्हणून मी होतो." त्यांनी फोटोंच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "सहाही फोटोंत आहे. उजवीकडे, टोकाला. बगळ्यासारखा."

बाईंनी एकेक करत सहाही काढले. भिंग फिरवलं. रुमाल नाकाला लावला आणि तो सर्दीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिला.

"खिडक्यांचं काम जाईल तुमचं," वकील हळू आवाजात म्हणाले.

"गावात खिडक्या पुष्कळ आहेत. झाड एकच आहे."

बाईंनी लिहून घेतलं, शिक्का मारला आणि मान वर केली. सलग आणि विनापरवानगी वापर सिद्ध झाला, गायरान सगळ्यांना खुलं राहील, खांब आठ दिवसांत काढावेत, असं त्या म्हणाल्या. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण आत्याने शिट्टी वाजवली होती आणि शिपाईसुद्धा तिला गप्प करायला विसरला होता.

पायऱ्यांवर आत्याने दादांना गाठलं.

"बावळटा," ती म्हणाली, "मांडवाबाहेर कुठे होतास?"

"जेवणाच्या बाजूला. वास छान येत होता."

"आत येऊन जेवला असतास तर काय झालं असतं!" आणि तिने त्यांच्या दंडावर एक सणसणीत चापटी मारली, आणि मग तोच दंड धरून चालायला लागली.

अप्पा गेल्यापासून चार वर्षं फोटो निघाला नव्हता. तो आत्ताच काढायचा, उजेड आहे तोवर, असं कुणी ठरवलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बाळने स्टुडिओच्या फ्रिजमधून, दुधाच्या पातेल्यामागून, फिल्मचं शेवटचं पाकीट काढलं. मोजपट्टीने तीन पायांचा स्टँड खांद्यावर घेतला. पडदा न्यायचा की नाही यावर रस्ताभर वाद झाला.

"न्यायचा," दादा म्हणाले. "हंसांनी आज साक्ष दिलीय."

गायरानावर दोन बांबू रोवले गेले. कचेरीतली सगळी माणसं मागोमाग आली होती आणि आता काय करायचं हे न कळून इकडेतिकडे उभी होती. चादरवाल्या बाईंची नात होती, म्हातारा पोस्टमन होता, दूधवाला जिना जवळून बघत होता आणि बोटाने चाचपून खात्री करत होता.

"बाळ, तू पण उभा राहा फोटोत," आत्याने फर्मान काढलं. "धाकटी काढेल."

सासूबाई उभ्या राहायच्या त्या जागेच्या उजव्या हाताला घरच्यांनी सवयीने दादांसाठी फट सोडली. दादा त्या फटीपाशी आले, थांबले, आणि पुढे निघून गेले. वाकड्या झाडाशी जाऊन त्यांनी एक पाय मागे खोडाला लावला.

"अरे, इकडे ये ना! आता कसला राग?"

"राग नाही. माझी जागा इथे आहे. इथून छान दिसता तुम्ही सगळे."

मोजपट्टी ओळीतून निघाली आणि बापाशेजारी जाऊन तशीच एका पायावर उभी राहिली. मग बाळ गेला, आणि तोल जाऊन दादांवर पडला.

धाकटीने काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर सगळं उलटं दिसत होतं. आकाश खाली, गवत वर, हंस पाठीवर पोहताहेत आणि आत्या डोक्यावर उभी राहून ओरडतेय. सात पावलांवरून फक्त जिना. ती स्टँड उचलून मागे गेली. दहा पावलांवरून झाड आलं, झाडाखालचे तीन बगळे आले. पण दूधवाला अर्धा कापला जात होता. ती आणखी मागे गेली. बारा. पंधरा. आता पोस्टमन आला, पण चादरवाल्या बाईंची नात राहिली, आणि बकऱ्या तर अजून लांब होत्या.

"अगं, कुठे चाललीस?" आत्याचा आवाज बारीक झाला होता. "आमचे चेहरे राहतील का त्यात?"

"राहतील," कापडाखालून धाकटी म्हणाली आणि पावलं मोजत मागे जात राहिली. बाविसाव्या पावलावर काचेत सगळे मावले. कड कापायला जागाच उरली नव्हती.